धारेवर धरलेला मनुष्य

आमच्या स्वयंपाकघरातल्या सुरीने कापण्याचे काम सोडून चेपण्याचे काम पत्करले, तेव्हा तिला धार लावण्याची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. पुढचे पंधरा दिवस सुरीऐवजी घरच्यांनी मलाच धारेवर धरले, हा भाग वेगळा.

खाचेत पाते घालून ओढण्याचे छोटे साधन कोन स्वतःच ठरवते, त्यामुळे अक्कल वापरावी लागत नाही, हा त्याचा गुण मला विशेष भावला. दहा वेळा ओढल्यावर सुरी खरोखर कापू लागली. मात्र ओट्यावर पडलेला पोलादाचा चुरा पाहून ध्यानात आले, की खाचेतली कार्बाइडची पाती सुरीची सालपटे काढत आहेत. आठवडाभरात धार गेली. सालपटे तर आधीच गेली होती.

मग पोलादी दांडा आला. त्यावर सुरी सपासप फिरवताना मी इतका रुबाबदार दिसत असे, की उपयोग काहीच होत नाही हे सांगण्याचा धीर दोन दिवस कोणाला झाला नाही. दांडा वाकलेली धार सरळ करतो, झिजलेली धार नव्याने घडवत नाही. म्हणजे जे नाहीच ते सरळ करण्याचा माझा खटाटोप चालला होता.

शेवटी धार लावण्याचा दगड घेतला, एका बाजूने १००० आणि दुसऱ्या बाजूने ६००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचे माप). बुडबुडे थांबेपर्यंत तो पाण्यात ठेवला (एवढे एक काम मला निर्दोष जमले) आणि मोठा आकडा तो चांगला, या शाळेपासूनच्या समजुतीने ६००० ची बाजू वर केली. पाते दगडाशी १५ ते २० अंशांच्या कोनात धरायचे असते. कंपासपेटीतला कोनमापक मध्ये शिरेना, तेव्हा त्रिकोणमिती कामी आली: ४५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ सुमारे १२ मिलिमीटर उचलली, की १५ अंश होतात. हिशेब अचूक होता. मनगट मात्र प्रत्येक फेरीला स्वतःचे वेगळे उत्तर काढत होते. पडताळ्यासाठी धारेवर मार्करची शाई फासली, तर ती पात्यावरून कमी आणि बोटांवर अधिक उतरली. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर वळून आली, की ती बाजू झाली असे समजावे. तासभर घासूनही ती कोर बोटाला लागेना.

“अहो, त्या मगाच्या बुडावर घासून बघा,” असा आतून आवाज आला. चिनीमातीच्या मगाच्या तळाशी झिलई नसलेले खरखरीत कडे असते, हे मलाही ठाऊक होते. पण दगड विकत आणलेल्या माणसाने मग पालथा घालणे म्हणजे शरणागतीच. सर्वांची पाठ फिरल्यावर मी तो घातला. काही मिनिटांत कोर आली. दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने ती काढली आणि जुन्या चामडी पट्ट्यावर पाते चारदा उलटे ओढले.

धारेची परीक्षा कागदावर घेतात. हाताशी पडलेल्या कागदातून सुरी आवाजही न करता निघाली, आणि त्या आनंदात मी त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. त्या गोळा करताना एकीवर छापलेले दिसले, ‘सुरुवात १००० च्या बाजूने’. उरलेल्या सूचना मी सध्या जुळवतो आहे.