घसरगुंडीच्या पायथ्याशी खुर्ची कोण आणणार?

नागपूरच्या पारडी भागात दिव्यांगांसाठी ‘अनुभूती’ उद्यान उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली: सुमारे ९० हजार चौरस फूट जागा, १२ कोटींच्या घरातला खर्च आणि दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीसही दिव्यांगत्वांचा विचार. इथे कॅलिफोर्नियात आम्हा मराठी मंडळींत तिचे कौतुकच झाले. माझा आक्षेप उद्यानाला नाही. ते उभे राहिले म्हणजे बाकीच्या उद्यानांचे काम संपले, या समजुतीला आहे. मूल रोज खेळते ते घराजवळच्या बागेत.

पालो आल्टोच्या मिचेल पार्कमध्ये २०१५ साली ‘मॅजिकल ब्रिज’ हे क्रीडांगण सुरू झाले. दिव्यांग मुलीच्या आई ओलेंका व्हिलारिअल यांनी त्यासाठी पुढाकार घेऊन देणग्या जमवल्या होत्या. तिथले मेरी-गो-राउंड जमिनीच्या पातळीत असल्याने व्हीलचेअर थेट त्यावर जाते, आणि गोंगाट असह्य झालेल्या मुलांना शिरून बसण्यासाठी छोटी खोपटी आहेत. मला सर्वांत मोलाची वाटते ती घसरगुंडीच्या पायथ्याशी केलेली बसण्याची जागा, कारण घसरून खाली आलेल्या मुलाची व्हीलचेअर वरच राहिलेली असते; या जागेमुळे कोणी ती आणेपर्यंत त्याला इतरांच्या पायांत जमिनीवर पडून राहावे लागत नाही.

अर्थात, सगळी अमेरिका अशी नाही. क्रीडांगणांसाठीचे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज पोहोचता-वापरता येण्याचे, निकष २०१२ पासून बंधनकारक असले, तरी अनेक बागांत लाकडाचे बारीक तंतुमय तुकडे पसरून नियम पाळला जातो आणि देखभाल थांबली की चाक त्यात रुतते. व्हीलचेअरसकट झुलवणारा झोकाही मला फसवा वाटतो. तो इतका जड असतो की इतरांना लागू नये म्हणून त्याभोवती कुंपण घालावे लागते आणि मूल पुन्हा एकटेच पडते. त्यापेक्षा तीन-चार मुले एकत्र बसू किंवा आडवी होऊ शकतील असा जाळीचा गोल झोका कितीतरी बरा.

सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असू शकत नाहीत, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दृष्टिबाधित याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. मग प्रभागातल्या बागेचे नूतनीकरण निघाले की रंगीत कारंज्याआधी सपाट, घट्ट वाट आणि असा एक झोका अंदाजपत्रकात का येऊ नये? आणि दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकात बसवलेले ते आडवेतिडवे पाइप आधी काढावेत. त्यांतून व्हीलचेअर जात नाही.