दांडी नसलेल्या सायकलची दांडगाई

दांडीच्या सायकलीचा एक गुण मान्य करावाच लागतो: ती खोटं बोलत नाही. फ्रेम मोठी असली, की दोन्ही पाय टेकवून उभं राहताक्षणी ती आडवी नळी तुम्हाला ही बातमी अशा ठिकाणी कळवते, की पुन्हा विचारायची सोय उरत नाही. स्टेप-थ्रू सायकल, म्हणजे जिला आपण सगळे 'लेडीज सायकल' म्हणत आलो ती, याबाबतीत फार गोडबोली. पाय जरासा उचला, पुढून आत घाला, उभे राहा. कुठे काही टोचत नाही, अडत नाही. १५० सेंटीमीटरचा माणूस आला तरी 'या', १९० चा आला तरी 'या'. ती सगळ्यांना बसते. आपल्याला बसत नाही हे कळायला मग तीन आठवडे लागतात, आणि एक गुडघा.

'लेडीज' हे नाव आता तसं निवृत्तीला आलेलं आहे. घेराचा झगा सांभाळण्यासाठी ही फ्रेम वाकवली गेली, ते १८८० च्या दशकाच्या शेवटी. आज ती हवी असणाऱ्यांत ज्यांचं कंबरडं कुरकुरतं ते आहेत, आणि मागे मुलाची खुर्ची किंवा मोठं सामान बांधणारेही आहेत. त्यांनी पाय मागून फिरवला तर पहिली लाथ मुलाला बसते. तेव्हा कारण काहीही असो, सायकल घ्या. फक्त 'आत शिरता आलं' म्हणजे 'मापाची मिळाली' असं समजू नका. आत शिरता येणं हा या सायकलीचा जन्मसिद्ध स्वभाव आहे, त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही.

मग माप बघायचं कुठे? फ्रेमवर एक स्टिकर असतो. त्यावर ४५, ५०, १९ इंच किंवा नुसतंच 'एम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे सीटच्या नळीची लांबी: खाली क्रँकचा, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्याचा, आस जिथून जातो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून वर नळीच्या तोंडापर्यंत. निदान एका कंपनीत. दुसरी कंपनी नळीच्या तोंडापर्यंत न जाता, दांडीऐवजी खाली उतरलेली जी मधली नळी असते, तिच्या सांध्यापर्यंत मोजते. तिसरी त्याहून तत्त्वज्ञ. ती म्हणते, इथे आडवी दांडी असती तर ती सीटच्या नळीला जिथे मिळाली असती, तिथपर्यंतचं हे माप आहे. म्हणजे नसलेल्या दांडीची उंची! त्यामुळे दोन कंपन्यांच्या ५० नंबरच्या फ्रेमा शेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. स्टिकर वाचा, पण शेजारी टेप धरा.

आणि कृपा करून चाकाचा आकडा यात घुसडू नका. '२८ ची सायकल' म्हणजे चाक २८ इंची, फ्रेम नव्हे. चाकांच्या आकड्यांचा तर वेगळाच तमाशा आहे. २८ आणि २९ इंची म्हणून विकलं जाणारं नेहमीचं रिम एकच, टायर बसतो त्या जागी ६२२ मिलिमीटर व्यासाचं. उलट '२६ इंच' या एकाच नावाखाली ५५९ चंही चाक मिळतं आणि ५९० चंही, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर काही केल्या चढत नाही.

खरं माप स्वतःच्या अंगावर असतं, आणि ते काढण्याचा विधी थोडा लाजिरवाणा आहे. त्याला दार लावून घ्यावं. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, पावलांत साधारण १५ सेंटीमीटर अंतर ठेवायचं आणि एक पुठ्ठा बांधणीचं, कडक कण्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून वर सारायचं. कुठपर्यंत? सीटवर बसल्यावर जेवढा दाब पडतो तेवढा दाब पडेपर्यंत. इथे सगळे जण स्वतःवर दया करतात आणि तीन सेंटीमीटर गमावतात. पुस्तकाची एक कड भिंतीला सपाट टेकलेली हवी, नाहीतर ते तिरपं होतं. वरच्या कडेशी पेन्सिलची खूण, तिथून जमिनीपर्यंत टेप. तीनदा मोजा, सरासरी घ्या. पाचव्या पानावर वाचायचं सोडून दिलेला एखादा जाडजूड ग्रंथ घरात असतोच. त्याचं सार्थक होण्याची ही शेवटची संधी.

हे झालं पायाचं आतलं माप. पँटच्या लेबलवरचा आकडा म्हणजे हे नव्हे. पँट जमिनीच्या वरच संपते आणि वरही मोकळी जागा ठेवते, म्हणून तो आकडा चांगला काही सेंटीमीटर कमी भरतो. नुसत्या उंचीवरून फ्रेम सांगणारे तक्तेही अंदाजापुरतेच. एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांत सहज पाच सेंटीमीटरांचा फरक निघतो. एकाची उंची पायांत असते, दुसऱ्याची धडात, आणि तक्त्याला दोघंही सारखेच दिसतात.

आता गुणाकार. शहरी सायकलीसाठी पायाचं माप गुणिले ०.६६ म्हणजे सीटच्या नळीची लांबी, असा ढोबळ नियम आहे. ७६ सेंटीमीटर असेल तर ५०. पण हा नियम दांडीच्या फ्रेमवर वाढलेला आहे. स्टेप-थ्रूमध्ये सीटची नळी आखूड ठेवून वरून लांब सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते तो नळीतला दांडा, काढण्याची रीत असल्यामुळे तो एकटा पुरत नाही. माझा जास्त विश्वास दुसऱ्या आकड्यावर आहे: पायाचं माप गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. पाठ ताठ ठेवून रमतगमत जाणाऱ्याला त्यात एक-दोन सेंटीमीटर कमी चालतात.

या आकड्यावरून फ्रेमची झडती घेता येते. समजा, पाय ७८ चा. सीट हवी ६९ वर. फ्रेमची नळी ४५ ची, साध्या सीटची जाडी, ती पोस्टला धरणाऱ्या क्लँपसकट, सुमारे साडेपाच. उरले साडेअठरा; तेवढा सीटपोस्ट बाहेर दिसणार. ३० सेंटीमीटरचा पोस्ट असेल तर साडेअकरा आत राहतात. छान. आता त्याच फ्रेमवर ८६ चा पाय आणा. सीट हवी ७६ वर, पोस्ट बाहेर साडेपंचवीस, आत उरले साडेचार. पोस्टवर कमीत कमी किती आत राहावा याची रेघ कोरलेली असते, ती एव्हाना बाहेर येऊन वारा खात असते. ती रेघ म्हणजे सजावट नव्हे. ती दिसली, की सगळं वजन नळीच्या तोंडाशी तरफेसारखं येतं आणि पोस्ट वाकतो किंवा फ्रेमच तडकते. लांब पोस्ट मिळतो, पण व्यास तोच लागतो. २७.२ मिलिमीटरच्या जागी २७ चा 'जवळपास बसतो' म्हणून घातला, तर तो दर खड्ड्याला तुम्हाला थोडं थोडं खाली आणत राहील.

उलटी गंमत बुटक्या पायांची. पाय ७० चा, फ्रेम ५३ ची. सीट हवी ६२ च्या जरा खाली, म्हणजे पोस्टला उरले जेमतेम तीन. त्यावर कुणी हौसेने स्प्रिंगची जाड सीट बसवली, तर तेही गेले. धक्के खाणाऱ्या सस्पेन्शन पोस्टचं तर नावच काढू नये, त्याला स्वतःलाच नळीबाहेर बरीच उंची लागते. आणि एवढी मोठी फ्रेम असूनही आत शिरताना, उभं राहताना कुठे काही अडलेलं नसतं. गोडबोली म्हटलं ते याचसाठी.

इथे दुकानातला एक जुना प्रयोग सांगायला हवा. विक्रेता सीट पार खाली करतो, गिऱ्हाईक बसतं, दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतात, आणि सगळे म्हणतात, "बघा, किती परफेक्ट!" हे परफेक्ट गुडघ्याच्या वाटीला विचारा. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण २८ सेंटीमीटरवर, क्रँक १७ चा, म्हणजे पेडल अगदी खाली आलं तरी ते जमिनीच्या ११ सेंटीमीटर वर असतं. पाय पेडलवर नीट सरळ होत असेल, तर तोच पाय त्याखाली ११ सेंटीमीटरवर सपाट टेकणार कसा? चवडा टेकला तरी पुष्कळ. सीटवरून न उतरता दोन्ही पाय टेकवायचेच असतील, तर पेडलं मुद्दाम पुढे सरकवलेली वेगळ्या भूमितीची सायकल मिळते, ती घ्यावी. बाकीच्यांनी थांबताना सीटवरून पुढे घसरून मधल्या जागेत उभं राहावं. त्यासाठीच तर ती जागा आहे! सीटची खात्री टाचेनं करा: टाच पेडलवर, पेडल खाली, गुडघा सरळ, कंबर न कलता. मग चवडा पेडलवर आणला, की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. चाचणी चपलेवर नको, रोज जे बूट घालणार त्यांवर.

इतकं सगळं उंचीचं झालं आणि खरी भानगड अजून शिल्लकच आहे. उंची सीटपोस्टने सावरता येते. लांबी, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर, सहजासहजी सावरता येत नाही. आणि ती स्टिकरवर लिहिलेली नसते. कंपनीच्या भूमितीच्या तक्त्यात ती शोधायची: हँडलच्या उभ्या नळीच्या माथ्यापासून मागे आडवी रेघ मारली, की ती सीटपोस्टला जिथे भेटते, तिथपर्यंतचं अंतर. पुन्हा नसलेल्या दांडीचं माप, पण या वेळी कामाचं. फक्त दोन सायकलींची तुलना करताना सीटच्या नळीचा कोन बघा. एका अंशाने नळी मागे कलली, की ७० सेंटीमीटरवरची सीट साधारण सव्वा सेंटीमीटर मागे जाते. ७० अंशांच्या नळीत सीट दहा सेंटीमीटर वर काढली, तर ती साडेतीन सेंटीमीटर मागेही सरकते. उंच माणसासाठी सायकल आपोआप थोडी लांब होते. 'एकच साइझ, सर्वांना चालेल' या जाहिरातीमागे जेवढं सत्य आहे, ते एवढंच. कपड्यांतली 'फ्री साइझ' ज्यांनी अंगावर घालून पाहिली आहे, त्यांना उरलेलं सांगायला नको.

लांबी चुकली की काय होतं? आखूड सायकलवर वळताना गुडघा हँडलला नमस्कार करतो. बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतं, तेही नेमकं हळू वळताना, जेव्हा तोल आधीच रामभरोसे असतो. लहान फ्रेमला मोठी चाकं लावली की हे हमखास. तपासणी सोपी आहे: उभ्या सायकलवर एक पेडल बरोबर पुढे आणायचं, चवडा ठेवायचा, हँडल त्या बाजूला आणि उलट बाजूला पूर्ण फिरवायचं. लांब सायकलवर कोपर ताठ, खांदे कानांपाशी, आणि माणूस सीटच्या टोकावर सरकत सरकत येतो. सीट पुढे ओढून हे निस्तरायचा मोह होतो. सीटखालच्या रेल्सवर चार-पाच सेंटीमीटरांचा वाव असतोही. पण तो गुडघा आणि पेडल यांच्या हिशोबासाठी आहे, हातांच्या तक्रारीसाठी नाही. हातांसाठी स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा, बदला. दोन सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त फरक केला, की हँडलचा स्वभावच बदलतो.

स्टेप-थ्रूवर बहुतेक वेळा मागे वळलेलं, गाईच्या शिंगांसारखं हँडल असतं. सरळ रेषेत ते सुरेख वाटतं. म्हणून चाचणी सरळ रेषेत घेऊच नका. इंग्रजी आठचा आकडा काढा, जितका लहान जमेल तितका. आतली मूठ पोटात किंवा मांडीवर आली, किंवा बाहेरचा हात पूर्ण ताणला गेला, तर फ्रेम किंवा हँडल यांतलं एक चुकलं आहे. स्टेम नळीत वर-खाली सरकणारा असेल, तर हँडल वर घेताना त्याच्यावरचीही रेघ बघा. सीटपोस्टसारखी ती तिथेही असते आणि तिथेही आतच राहायला हवी.

दोन साइझांच्या मध्ये अडकलात, तर मी लहान सुचवेन, एका अटीवर: हँडल सीटच्या बरोबरीला तरी आणता आलं पाहिजे. लहान फ्रेममध्ये हँडलची नळीही बरेचदा आखूड असते. सीट वर, हँडल खाली, आणि निवांत बसायला घेतलेल्या सायकलवर माणूस शर्यतीला निघाल्यासारखा दिसतो. लहान सुचवण्याचं आणखी एक कारण आहे. वरची दांडी गेली, की फ्रेमचा त्रिकोण गेला आणि त्याबरोबर ताठपणाही. ती कसर जाड नळ्यांनी, म्हणजे वजनाने भरून काढतात. फ्रेम जितकी मोठी, तितका हा लवचीकपणा जाणवतो. मागे कॅरिअरवर दहा किलो लादून थोडा वेग घेतला, की हँडल मान डोलवायला लागतं. दुकानात रिकामी सायकल चालवून हे कधीच कळत नाही. सोबत भरलेली पिशवी न्या. बॅटरीची सायकल असेल तर मधल्या नळीची जमिनीपासूनची उंचीही मोजा. बॅटरी पोटात घेतलेली नळी जाड आणि उंच होते, आणि ज्या सोयीसाठी ही फ्रेम घेतली तीच तिथे घटते.

सगळं जुळलं, सीट योग्य उंचीवर बसली, की सीटपोस्टवर नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीचा एक वेढा मारून ठेवा. ही सायकल घरातल्या प्रत्येकाला 'या' म्हणते, आणि प्रत्येक जण येतोच. येतो, क्लँप सैल करतो, सीट आपल्या मापाला आणतो, चक्कर मारून येतो आणि सायकल तशीच उभी करून निघून जातो.