पिकअप ऑइल पितेय म्हणून ब्रीदर बुजवू नका

इंदूरच्या मालवाहतूकवाल्यांच्या ग्रुपांमधून फिरत फिरत एक मेसेज आमच्या मामांपर्यंत पोचला: ‘डिझेल पिकअप ऑइल पीत असेल तर इंजिन उघडू नका. ब्रीदरच्या पाइपला बूच मारा, 90 नंबरचं ऑइल मिसळा, खुणेच्या वर अर्धा लिटर जास्त भरा, केरोसिनने इंजिन धुवा. निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील गेलं.’ मामांनी विचारलं, ‘‘बूच मारून टाकू का?’’ नाही मामा. मुळीच नाही.

ब्रीदरचं आधी बोलू, कारण मामा तेच करायला निघाले होते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू पिस्टनच्या बाजूने खाली, क्रँक फिरतो त्या चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडतो ब्रीदरमधून आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) अलीकडे हवेच्या पाइपात जातो. सोबत ऑइलचे बारीक कण असतात, म्हणून पाइप आतून ओला दिसतो आणि लोकांना वाटतं, ऑइल इथूनच चाललंय. पण ही वाट बंद केली की दाब आत साठतो. मग ऑइल मोजायची गेजची पट्टी वर सरकते, इंजिनच्या वरच्या झाकणाचं टॅपेट पॅकिंग पाझरू लागतं, क्रँकचं मागचं सील गळायला लागतं. ते सील स्वतः महाग नाही, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तोवर क्लच प्लेट ऑइलने भिजलेली असू शकते.

टर्बोची गत त्याहून वाईट. त्याच्या शाफ्टला ऑइल पंपाच्या दाबाने मिळतं, पण चेंबरमध्ये परत जातं ते नुसतं उताराने, जाड नळीतून. चेंबरमध्ये दाब असला की ते खाली उतरत नाही. टर्बोत तुंबतं आणि शाफ्टच्या सीलवरून एकीकडे टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात, दुसरीकडे सायलेन्सरमध्ये निघतं. म्हणजे ऑइल वाचवायला बूच मारलं आणि खप वाढवून घेतला! मग टर्बो गेला असं निदान होतं, नवा बसतो, आणि नवाही ऑइल फेकतो, कारण बूच जागच्या जागी असतं.

ब्रीदरमधून खरंच जास्त ऑइल येत असेल तर आधी एअर फिल्टर काढून बघा. सोयाबीनच्या हंगामात मंडीत गाडी उभी असते, तिथली धूळ आणि भुसा फिल्टर लवकर चोक करतात. चोक फिल्टरमुळे टर्बोची ओढ वाढते आणि ब्रीदरमधून, टर्बोच्या सीलमधून ऑइल खेचलं जातं. मग ब्रीदरचा ऑइल सेपरेटर आणि पाइप साफ करा, पिचका असेल तर बदला. तरी शंका राहिली तर चेंबरचा दाब मोजा: पारदर्शक नळी यू आकारात वाकवून अर्धी पाण्याने भरायची, एक टोक गेजच्या नळीला घट्ट बसवायचं, दुसरं उघडं ठेवायचं, आणि इंजिन आयडलवर चालवून पाणी किती चढतं ते बघायचं. ब्रीदर मोकळा असून पाणी चढत असेल आणि रेस दिल्यावर आणखी चढत असेल, तर रिंगा आणि बोरवर संशय घ्या आणि चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासून घ्या.

जास्त ऑइल भरण्याचा सल्लाही धोक्याचाच. पातळी फार वर गेली की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून ऑइल इंजिनात जाणाऱ्या हवेत ओढलं जातं. डिझेल इंजिन या ऑइलवर आपोआप पळत सुटू शकतं, आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल.

‘90 नंबर’चा घोळ वेगळा. 90 नंबर म्हणजे गिअर ऑइल, आणि गिअर ऑइलचे नंबर वेगळ्या मापपट्टीवरचे असतात. इंजिन ऑइलच्या एसएई जे300 पट्टीप्रमाणे 100 अंश सेल्सियसला 40 ग्रेडचं इंजिन ऑइल 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप) असतं. गिअर ऑइलच्या जे306 पट्टीवर 90 नंबर 13.5 ते 18.5 मध्ये येतो. म्हणजे ज्याला दुप्पट जाड समजून ओतता, ते गरम इंजिनात जवळपास तेवढंच पातळ. वर त्यात इंजिन ऑइलसारखं काजळी धरून ठेवणारं रसायन नसतं, त्यामुळे रिंगांच्या खाचा आणखी जाम होतात. एवढं मान्य करतो की जुन्या, झिजलेल्या इंजिनात 15डब्ल्यू-40 ऐवजी त्याहून जाड 20डब्ल्यू-50 टाकल्यावर खप थोडा कमी होतो. झीज मात्र तशीच राहते, आणि बीएस-6 गाडीत पुस्तकात लिहिलेला ग्रेड सोडू नका.

केरोसिनने सुटलेली घाण पंपाच्या जाळीत अडकली तर बेअरिंग जातात. त्यापेक्षा दोन-तीन ऑइल बदल लवकर करा, अडकलेली ऑइल रिंग कधीकधी तेवढ्याने मोकळी होते.

निळ्या धुराचा नियम तर पेट्रोल गाड्यांवरून उचललाय. डिझेलच्या इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल ओढणारा तसा व्हॅक्यूम होत नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी एकदाच निळा फुत्कार टाकत असेल तर व्हॉल्व्ह सील बघा. खलघाटकडून इंदूरला येणारी भरलेली गाडी गणेश घाट चढताना सतत निळा सोडत असेल तर रिंगा किंवा टर्बो.

‘इंजिन लगेच उघडू नका’ एवढं मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. पण त्याआधी मोजायचं असतं, ते कुणी लिहीत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून 15 मिनिटांनी, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहा. 1000 किलोमीटरनंतर त्याच जागी, तसंच थांबून, मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत भरा. जेवढं लागलं तो खप. काही कंपन्या अर्धा लिटरपर्यंत चालवून घेतात, काही एक लिटरपर्यंत. तुमच्या गाडीची मर्यादा पुस्तकात बघा. पातळी कमी होण्याऐवजी वाढली तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत असू शकतं, गाडी चालवू नका.

आणि गळती तपासल्याशिवाय ‘पितेय’ म्हणू नका. एका मिलिलिटरचे सुमारे 20 थेंब धरले, तर चालत्या गाडीतून दर 50 मीटरला एक थेंब पडला तरी 1000 किलोमीटरला एक लिटर जातं. उभ्या गाडीखाली डाग नसेल तरी इंजिन धुऊन कोरडं करा, फेरी मारून या आणि टॉर्च घेऊन खालून बघा: ऑइल फिल्टर, टर्बोची परतीची नळी, गिअरबॉक्सचा सांधा, आणि व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असेल तर तिथेही.