गुळगुळीत करा, पण बेताने

सीटी स्कॅनवरून धमनीचं मॉडेल करून त्यात रक्तप्रवाह कसा काढतात, हे लेखात छान आलंय. फक्त ‘पुढची जाळी सॉफ्टवेअर आपोआप पाडतं’ हे वाक्य पटलं नाही. (जाळी म्हणजे गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे, म्हणजेच घटक.) सांगलीत मी मुलांना सीएफडी, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणं, शिकवतो. खरी मारामारी तिथेच असते. स्कॅनमधून निघालेला पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा असतो. तो साध्या पद्धतीने घासत गेलं की नळी आकसते. प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून, त्यामुळे त्रिज्या १० टक्के घटली तर (प्रवाह सरळ, संथ धरला तरी) तो दीडपट होतो. म्हणजे रुग्णाला नसलेला अडथळा आपणच तयार केला! म्हणून आकसणं भरून काढणारं टॉबिन स्मूदिंग वापरतात. धमनीच्या भिंतीलगत जाळीचे पातळ थर हवेतच, नाहीतर ज्यासाठी एवढा खटाटोप तो भिंतीवरचा घर्षणताणच चुकतो. धमनीला फाटे फुटतात तिथे प्रवाह वळतो, घुसळतो, म्हणून जाळी आणखी बारीक. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. व्हीएमटीके हे रक्तवाहिन्यांची मॉडेल करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मुलांनी त्यावर हात बसवावा.

बाकी, लेखातलं ते रंगीत चित्र किती घटकांच्या जाळीवरचं? जाळी दुप्पट बारीक केल्यावर आकडे हलले का, तेवढं लेखकांनी सांगावं.