‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणणाऱ्यांनो, आधी गाडीचं साल विचारा

जुन्या गाडीसाठी स्कॅनर, म्हणजे गाडीचा बिघाड वाचून दाखवणारं यंत्र, घ्यायला निघालं की डोक्याचा पार भुगा होतो राव. गाडीनं नाही एवढं पिडलं, जेवढं स्कॅनर विकणाऱ्यांनी पिडलंय.

माझी गाडी २००८ ची, पेट्रोल. मॉडेल सांगत नाही, कारण सांगितलं की निम्मे लोक मुद्दा सोडून ‘अजून ठेवलीय का ती?’ वर येतात. हो, ठेवलीय. बॉडी चांगली, इंजिन ऑइल पीत नाही, कशाला विकू? फक्त परभणीहून गंगाखेडला जाताना ट्रकच्या पुढं काढायला रेस दिली की मिसिंग मारते. आणि चेक इंजिनचा तो पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, मनाला येईल तेव्हा विझतो. गॅरेजात नेईस्तोवर विझलेलाच असतो. म्हणून म्हटलं, आपला एक छोटा स्कॅनर गाडीत असावा.

तर काही शेकड्यांच्या डबीपासून काही हजारांच्या यंत्रापर्यंत सगळ्यांच्या खोक्यावर एकच गोष्ट छापलेली: सगळ्या गाड्यांना चालतं. साल कोणतं, पेट्रोल का डिझेल, स्कॅनर लावायचं सॉकेट आहे का नाही, एकानंही विचारलं नाही. अरे, मोबाईलचं कव्हर घ्यायला गेलं तरी दुकानातलं पोरगं आधी मॉडेल विचारतं!

भर मे महिन्यात दुकानासमोर गाडी उभी केली. सीट तापून तवा झालेली. स्टिअरिंगखाली मान घालून त्या पोरानं ती निळी डबी सॉकेटात खोचली आणि तिचा लाल दिवा लागला. ‘लागली की लाईट, मामा! चालतंय बघा.’ माझ्या मोबाईलवर मात्र चक्र फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी ‘ईसीयूशी संपर्क झाला नाही’, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर बोललाच नाही. ‘नेटवर्क नसंल मामा.’ ब्लूटूथला कशाचं नेटवर्क रे बाबा?

तो लाल दिवा ही सगळ्यात मोठी थाप आहे. त्या सॉकेटाला सोळा घरं असतात. सोळा नंबरला बॅटरीचा करंट थेट येतो, चार नंबरला अर्थिंग. एवढं मिळालं की डबीचा दिवा लागणारच. ईसीयू काढून घरी कपाटात ठेवला तरी लागेल! बोलणं होतं ते दुसऱ्या पिनांवरून. नव्या गाड्यांत बोलायची कॅन नावाची पद्धत असते, सहा आणि चौदा नंबरवर. त्याच्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत के-लाइन ही जुनी पद्धत, सात नंबरवर. मी घरी येऊन टॉर्च मारून बघितलं. माझ्या सॉकेटात सहा आणि चौदाची घरं रिकामी, सातमध्ये पिन चमकतेय. म्हणजे के-लाइन. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुकानात उभं राहून जो माणूस दिवसभर हेच विकतो, त्याला हे बघता येऊ नये?

बरं, के-लाइन कळली म्हणून सुटका झाली असंही नाही. या डब्यांवर ईएलएम ३२७ असं आतल्या चिपचं नाव लिहिलेलं असतं. ती मूळ चिप कॅनडातल्या एका कंपनीची. आपल्याकडं स्वस्तात येतो तो जवळजवळ सगळा नकली माल, आणि पुष्कळशा नकली डब्यांत के-लाइनचा भाग अर्धवट असतो, नाहीतर नसतोच. कॅनवाल्या गाडीला ते कळतच नाही. म्हणून पाच-पाच चांदण्या देऊन ‘मस्त चालतं’ लिहिणारे सगळे २०१८, २०१९ च्या गाडीवाले. त्यांचं बरोबरच आहे, पण माझ्या काय कामाचं?

व्हिडिओवाले तर आणखी वरताण. ‘१९९६ नंतरची गाडी असेल तर काळजीच नको.’ अरे ते अमेरिकेत! तिथं १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे गाडीनं आपला बिघाड स्वतः ओळखून सॉकेटातून सांगायची ठरलेली पद्धत, सक्तीची झाली. आपल्याकडं बीएस-४ या धुराच्या सरकारी नियमांसोबत ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला. त्यातही बीएस-४ आधी फक्त मोठ्या तेरा शहरांत. त्या तेरात सोलापूर होतं. तुळजापूरहून तासाभरात सोलापूर येतं, पण धाराशिव नाही, लातूर नाही, परभणी-नांदेडचं तर नावच नको. अख्ख्या देशात बीएस-४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. तोवर आपल्या भागात बीएस-३ गाडी विकायला कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणजे ज्या गाड्या इथं अजून रोज धावतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना सोळा घरांचं सॉकेट असलं तरी आत कोणत्या पद्धतीनं बोलायचं हे कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलेलं. काहींचं तर सॉकेटच वेगळं. आणि आम्हाला सांगतात १९९६!

मग गॅरेजवाले. त्यांच्याकडं मोठा टॅब असतो, आणि तो लागतोही, हे कबूल. पण ‘स्कॅनिंगचे पाचशे’ घेऊन करतात काय, तर कोड, म्हणजे गाडीनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर, पुसतात. दिवा विझला, गाडी न्या. काय कोड होता विचारलं तर ‘सेन्सरचा होता’. कोणत्या सेन्सरचा? ‘असतोय एक.’ कोड पुसला की बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही पुसली जाते, म्हणजे आरपीएम किती, इंजिन किती गरम, वेग किती. ज्या गाडीत ती नोंद असते तिथं तोच खरा पुरावा, आणि हे पठ्ठे पैसे घेऊन तोच नाहीसा करतात. मी म्हटलं, आधी कागदावर लिहून द्या. तर मिस्त्री माझ्याकडं असं बघायला लागला, जणू त्याच्या शेताचा सातबारा मागितला.

आणि कोड सापडला तरी लगेच पार्ट बदलायची घाई. पी०१७१ आला की म्हणे ऑक्सिजन सेन्सर गेला. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. हवेचा पाइप उन्हानं तडकलेला असेल, पंपाचा दाब उतरला असेल, इंजेक्टर चोकअप असेल. बिचारा सेन्सर खरं बोलतोय, आणि त्यालाच काढून फेकायला निघालेत.

म्हणून जुन्या गाडीला नुसता कोड वाचणारा स्कॅनर फुकट गेला समजा. चालू इंजिनचे आकडे दिसले पाहिजेत. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज. कूलंट सेन्सरची वायर तुटली की बहुतेक स्कॅनरवर तापमान वजा ४० दिसतं. परभणीत, मे महिन्यात, वजा ४०! हे दिसल्यावर मिस्त्रीची गरजच काय, उंदरानं वायर कुठं कुरतडली तेवढं शोधायचं. पण ही सोय आहे का नाही ते खोक्यावर कुठंच धड लिहिलेलं नसतं. उलट ‘तीन हजार कोड ओळखतं’ असं मोठ्या अक्षरात. माझ्या गाडीशी एक शब्द बोलत नाही, मग तीन हजार घेऊन काय करू, लोणचं घालू?

एबीएस आणि एअरबॅगचा दिवा या स्वस्त डब्या वाचत नाहीत, तेही कुणी सांगत नाही. आयफोनवाल्यांनो, साध्या ब्लूटूथची डबी तुमच्या फोनला जुळतच नाही, वायफायवाली बघा. आणि डबी लावून गाडी आठवडाभर उभी ठेवली तर जुनी बॅटरी उतरते, कारण तो सोळा नंबर चावी काढली तरी चालूच.

आता मी दुकानात गेलो की आधीच सांगतो: के-लाइनवर चालतं का ते माझ्या गाडीला लावून दाखवा, कूलंटचा आकडा दिसला तर पैसे, लाईट दाखवू नका. परवा एकानं ऐकून घेतलं, खोकं परत फळीवर ठेवलं आणि म्हणतो, ‘मामा, काहून एवढी डोकेफोड करता, नवीच गाडी घेऊन टाका की.’ नवी गाडी घेऊन टाका! सोयाबीनला भाव काय चाललाय, मोंढ्यात जाऊन बघितलंय का या गड्यानं कधी?