टेस्ट बंद झाली, मोबाइल नाही

नागपुरात इतवारी-गांधीबागपासून मनीषनगरपर्यंत व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: ‘गूगलने मोबाइल-फ्रेंडली टेस्ट बंद केली, आता मोबाइलचा रँकिंगशी संबंध नाही. वेबसाइटवर पैसा घालू नका, मॅपवर दुकान असलं की झालं. ग्राहक बोटांनी मोठं करून वाचतोच.’ आणि शेवटी: ‘आमच्याकडून वेगळी मोबाइल साइट करून घ्या, सात दिवसांत पहिल्या पानावर!’ म्हणजे वेबसाइटवर पैसा घालू नका, आणि घालायचाच असेल तर आम्हाला द्या.

टेस्ट बंद झाली हे खरं आहे, डिसेंबर २०२३ मध्ये. पण बंद झालं ते पान मोबाइलवर नीट चालतं का हे तपासायचं साधन. आता क्रोममधल्या लाइटहाउससारखी साधनं आहेत म्हणून ते काढलं, आणि मोबाइलचं महत्त्व कमी झालेलं नाही हे गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. उलट ५ जुलै २०२४ नंतर गूगल उरलेल्या साइटसुद्धा मोबाइलवाल्या बॉटनेच, म्हणजे मोबाइलसारखं पान उघडून वाचणाऱ्या प्रोग्रॅमनेच, वाचतो. मोबाइलवर उघडतच नाही अशी साइट त्याच्या नोंदीतच येत नाही.

याचा खरा फटका कुठे बसतो ते बघा. उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात ‘कूलर दुरुस्ती’ शोधणारे काही कमी नसतात. एका कूलरवाल्याची साइट कॉम्प्युटरवर झकास दिसते: वाळा भरून मिळेल, पंप बदलून मिळेल, कोणत्या भागात माणूस येतो, सगळं लिहिलेलं. मोबाइलवर मात्र ‘पान हलकं राहावं’ म्हणून बनवणाऱ्याने हा सगळा मजकूर उडवलाय. उरलंय काय, तर एक पोस्टर. दर त्यातच, फोन नंबरही त्यातच, त्यामुळे नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. गूगल मोबाइलची आवृत्ती वाचतो, म्हणजे ‘पंप बदलून मिळेल’ हे वाक्य त्याच्या लेखी या साइटवर नाहीच. मग त्या शोधात दुकान दिसणार कसं? मजकूर जास्त वाटत असेल तर दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीत ठेवा, तो गूगल वाचतो. काढून टाकू नका.

बोटांनी मोठं करून वाचायचं म्हणाल तर, भर दुपारी ४५ अंशांत बंद पडलेल्या कूलरसमोर उभा असलेला माणूस ते करत बसत नाही. तो मागे जातो आणि खालचं दुकान उघडतो. अनेकदा पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीला बसवायला सांगणारी, एक ओळ नसते, म्हणून अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ओळ घातली की सगळं सुधारेलच असं नाही, पण सुरुवात तिथूनच होते. कॅमेऱ्यातले चार-चार एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले असतील तर तेही बारीक करा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची चांगल्या पानासाठीची अपेक्षा.

मॅपचा मुद्दा मात्र वजनाचा आहे. ‘जवळचं दुकान’ शोधताना अंतर, शोधाशी जुळणं आणि दुकानाची ख्याती यांवर क्रम ठरतो, त्यामुळे बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवरची दुकानाची नोंद, नीट भरलेलं हवंच. पण फक्त त्याच्यावर विसंबलं की काय होतं, हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. प्रोफाइलसोबत फुकट मिळणारी साइटची सोय गूगलने बंद केली आणि काही महिन्यांत व्हिजिटिंग कार्डांवर छापलेले पत्ते निरुपयोगी झाले. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलं की असंच.

आणि हो, साइट मोबाइलला जुळली म्हणजे नंबर वर चढलाच, असंही नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पानावर चांगलं असेल, ते पान दिसायला ओबडधोबड असूनही पुढे राहू शकतं. म्हणून ‘सात दिवसांत पहिल्या पानावर’ ही निव्वळ थाप. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतो. वेगळी मोबाइल साइट तर दुहेरी डोकेदुखी: एक दर बदलला की दोन ठिकाणी बदला. पडद्याप्रमाणे स्वतः जुळवून घेणारी एकच रिस्पॉन्सिव्ह साइट, हीच गूगलची शिफारस आहे.

कोणाला काम देणारच असाल, तर आधी डोमेन (साइटचा पत्ता) आणि सर्च कन्सोल (गूगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं त्याचंच साधन) स्वतःच्या ईमेलवर घ्या. मग त्या कन्सोलमध्ये आपल्या पानाचा पत्ता टाकून बघा. गूगलने ते कोणत्या बॉटने वाचलं, तिथेच लिहिलेलं असतं.