बागेतली झाडं तोडून भीती जाणार नाही

"बागा म्हणजे गुंडांचे अड्डे. झाडं तोडा, चहूबाजूंनी उंच भिंत घाला, फ्लडलाइट लावा, बाकं काढा." हा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही येऊन पोचला, खाली अंगठेही उमटले. म्हणून लिहावं लागतंय.

आधी झाडं. शिकागोतल्या आयडा बी. वेल्स या सरकारी वसाहतीतल्या ९८ इमारतींच्या पोलीस नोंदी कुओ आणि सलिव्हन या संशोधकांनी तपासल्या आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. भरपूर हिरवाई असलेल्या इमारतींपाशी उजाड इमारतींपेक्षा ५२ टक्के कमी गुन्हे नोंदले गेले होते. तिथली हिरवाई म्हणजे सुटी-सुटी उंच झाडं आणि गवत. नजर कुठे अडत नव्हती. झाडांनीच गुन्हे रोखले, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण 'झाडं तिथे गुन्हे' हे मात्र टिकत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. पायवाटेला खेटून डोक्याइतकं वाढलेलं झुडूप खरंच धास्ती वाढवतं, मग तिथे आजवर काही घडलेलं असो वा नसो. वाटेवरचा माणूस तीन गोष्टी हेरतो: पुढचं दिसतंय का, कुणाला दबा धरता येईल का, आणि वेळ आली तर निसटता येईल का. त्यावर कुऱ्हाड हा उपाय नाही. वाटेलगतची झुडपं ६०-७५ सेंटिमीटरवर ठेवा, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या दोन-सव्वादोन मीटरपर्यंत काढा, मधला पट्टा मोकळा राहू द्या. मोठ्या झाडांचे शेंडे मात्र छाटू नका. छाटलेल्या जागेखालून धुमारे फुटतात आणि गर्दी उलट वाढते. आणि हे एकदा करून भागत नाही, नवी फूट आली की पुन्हा कात्री हवीच.

उंच भिंत तर उलटीच. रस्त्यावरून आणि समोरच्या खिडक्यांतून आतलं काही दिसेनासं होतं, आणि आत सापडलेल्याला एकच फाटक उरतं. गजांचं कुंपण घाला, विरुद्ध टोकांना फाटकं ठेवा.

फ्लडलाइटने डोळे दिपतात, त्यापलीकडची सावली आणखी काळी होते. कमी उंचीचे, झाकणाचे दिवे समान अंतरावर लावा. फांदीआड गेलेला दिवा असून नसल्यासारखा.

बाकं काढली की तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणारी माणसंच जातात. त्यापेक्षा बाकांची तोंडं वाटेकडे करा आणि पाठीशी झुडूप ठेवू नका.